बेणणीचं मशीन, पंप, जनरेटर: छोटं पेट्रोल इंजिन जपून कसं चालवावं

पावसाळा सरत आला की कोकणात आंबा-काजूच्या बागांतून बेणणीच्या, म्हणजे वाढलेलं गवत-झुडपं कापायच्या, मशीनचा आवाज सुरू होतो. उन्हाळ्यात पाण्याचा पंप चालतो आणि वादळाने वीज गेली की जनरेटर बाहेर निघतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात धडकलं, तेव्हा कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. मशीन कुठलंही असो, आत असतं छोटं पेट्रोल इंजिनच. ते कसं हाताळायचं हे कामाच्या क्रमाने सांगतो.

पेट्रोल आणि ऑइल

पेट्रोल पाण्याच्या बाटलीतून आणू नका. घट्ट झाकणाचा, पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन घ्या. पेट्रोल पंपावर तो जमिनीवर ठेवून भरा आणि वर थोडी जागा सोडा. घरी चुलीपासून, देवघरातल्या समईपासून लांब ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटते.

आपलं इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हे आधी बघा. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये 2टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. मापाने घ्या, अंदाजाने नको. फोर-स्ट्रोकला साधं पेट्रोल लागतं आणि ऑइल वेगळं, इंजिनच्या खालच्या भागात. नवं मशीन बऱ्याचदा ऑइल न भरताच येतं. ते न बघता दोरी ओढली तर इंजिन पहिल्याच दिवशी जाम होतं.

टाकी इंजिन बंद आणि गार असतानाच भरा, उघड्यावर, बिडी-सिगारेट लांब ठेवून. काम चालू असताना पेट्रोल संपलं तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. सायलेन्सर इतका तापलेला असतो की त्यावर सांडलेलं पेट्रोल भडकू शकतं. सांडलंच तर पुसून घ्या आणि मशीन तिथून थोडं लांब नेऊन मग सुरू करा.

धूर: इथे घाई करू नका

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि माणूस उठून बाहेर जायच्या आत बेशुद्ध पडतो. म्हणून जनरेटर पडवीत, माजघरात, दार उघडं ठेवून गोठ्यात, कुठेच चालवायचा नाही. पाऊस असला तरी घरापासून किमान सहा-सात मीटर लांब, आडोशाला पण चारी बाजूंनी मोकळ्या छपराखाली ठेवा. धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला हवं. खाऱ्या वाऱ्याची दिशा दुपारी आणि रात्री बदलते, हेही लक्षात घ्या.

आपल्याकडे खरी भीती विहिरीची आहे. पृष्ठभागावरचा पंप व्यवहारात सात-आठ मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की पंपच उतरवून आतल्या टप्प्यावर ठेवायचा मोह होतो. तसं कधीही करू नका. विहिरीत वारा फिरत नाही, धूर आतच साठतो आणि खाली उतरलेला माणूस काही मिनिटांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. पाणी खोल असेल तर विजेचा सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा) पंप आत सोडा आणि जनरेटर वर, विहिरीच्या काठापासून लांब ठेवा. कोणी आत पडलाच तर स्वतः उतरू नका. वरून आवाज देऊन माणसं गोळा करा आणि 108 ला फोन करा. श्वासाचं उपकरण असलेल्या अग्निशमन दलाच्या माणसांनीच आत जावं.

जनरेटरचा दुसरा धोका वायरचा. दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घेऊन घरच्या सॉकेटमध्ये करंट सोडणारे लोक आहेत. तो करंट मीटरमधून मागे जातो, ट्रान्सफॉर्मरवर पोचला की उलट चढून 11,000 व्होल्ट होऊ शकतो आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जातो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा स्विच, बसवून घ्या, नाहीतर दिवा-फ्रीज थेट जनरेटरलाच जोडा.

बेणणी करताना

आधी मशीन न घेता जागेवर एक फेरी मारा. गडग्याचे (दगडी कुंपणाचे) सुटे चिरे, तार, बाटल्या उचला. कातळावर गवताखाली जांभ्याचा खडा दडलेला असतो. पात्याला लागला की तो गोळीसारखा सुटतो. म्हणून 15 मीटरच्या आत कोणी नको, पोरं-गुरं तर नकोच. डोळ्यांवर गॉगल, कानांना संरक्षण, पायात गमबूट. फुरशासारख्या विषारी सापाच्या मुलखात गमबूट तसेही हवेतच. खडकाळ जागी लोखंडी पात्यापेक्षा नायलॉनची दोरी बरी, पण दोरीऐवजी तार कधीच लावू नका. गार्ड काढून चालवू नका.

सुरू करताना मशीन सपाट जमिनीवर दाबून धरा. पातं कशालाही टेकता कामा नये. थंड इंजिनला चोक (हवा कमी करणारी खटकी) द्या, दोरी आधी हलकी ओढा, अडकल्यासारखी लागली की मग झटका द्या. पात्यात गवत गुंतलं तर इंजिन बंद करा, प्लगची टोपी काढा आणि मगच हात घाला. दिवाळीनंतर गवत वाळलं की तापलेलं मशीन त्यावर ठेवू नका. वणवा लागायला तेवढं पुरतं.

ठेवून देताना

आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. आपल्या दमट हवेत महिनोन्‌महिने टाकीत राहिलेल्या पेट्रोलमधून पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि कार्ब्युरेटर गंजतो. महिनाभर वापर नसेल तर टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग खारट थर ओल्या फडक्याने पुसून मशीन कोरडं करा. एअर फिल्टर उघडून झटका. पुढच्या हंगामात ताजं पेट्रोल भरा आणि दोरी ओढण्याआधी पेट्रोलची नळी कुठे चिरली आहे का ते बघा, कारण उंदीर ती हमखास कुरतडतात.