उरल्यासुरल्या डेनिमचं जॅकेट: कात्री लावण्याआधी

घरात साठलेलं सगळं डेनिम आधी जमिनीवर काढा. जुन्या जीन्सचे पाय, कुणाच्या तरी कुर्त्यातून उरलेला पाऊण मीटर, पँटची उंची कमी करताना टेलरने कापून परत दिलेली वेटोळी, सगळं. मोठ्या माणसाच्या जॅकेटला ५८ इंची पन्ह्याचं कापड दोन मीटरच्या आसपास लागतं. तुकड्यांतून शिवायचं तर त्याहून बरंच जास्त हाताशी हवं. कमी पडलं तर उल्हासनगरचा पाच नंबर कॅम्प आहेच. तिथल्या जीन्सच्या कारखान्यांत कुणाची ओळख असेल तर कटिंगमधले तुकडे मिळतात का विचारून बघा.

मग निवडानिवड. पहिली चाचणी हाताने: तुकडा आडवा ताणून बघा. रबरासारखा परत आला तर त्यात लायक्रा आहे, तो बाजूला काढा. ताणणारं आणि न ताणणारं डेनिम एकमेकांना जोडलं की दोन-तीन धुण्यांत शिवण चुण्या धरते, आणि इस्त्रीनेही त्या जात नाहीत. त्या तुकड्यांच्या पिशव्या शिवा.

दुसरी चाचणी वजनाची. डेनिमचं वजन औंसात सांगतात, म्हणजे एक चौरस यार्ड कापड किती औंस भरतं ते. जीन्स साधारण १२ ते १४ औंसांची असते. जॅकेट मुंबई-ठाण्यात घालायचं असेल तर ८ ते १० औंस पुष्कळ झालं. नाशिकच्या थंडीसाठी १२ घ्या. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे कामाला येतो: २० सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा १० औंसांचा असेल तर साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतो, १४ औंसांचा असेल तर १९. ग्रॅम-दोन ग्रॅमचा फरक चालतो. त्याहून जास्त फरकाचे तुकडे शेजारी शेजारी लावू नका. जाड तुकडा पातळ तुकड्याला खाली ओढत राहतो.

निवडलेलं सगळं धुऊन घ्या. जुन्या जीन्स जेवढ्या आटायच्या तेवढ्या आटून झालेल्या असतात, कोरं कापड मात्र अजून आटायचं असतं, आणि दोन्ही एकाच पाठीत आले तर भांडण ठरलेलं. गिरणीतच आटवून आलेलं डेनिम तीनेक टक्के आटतं, तसं न केलेलं दहा टक्क्यांपर्यंत. २४ इंच उंचीच्या जॅकेटला दहा टक्के म्हणजे जवळजवळ अडीच इंच. पुढे जसं धुणार असाल तसंच आता धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घालून रंग पक्का होतो असं सगळेच सांगतात; त्यावर माझा विश्वास नाही. नीळ सुताच्या बाहेरच्या थरावर बसलेली असते, आतला गाभा पांढराच राहतो, त्यामुळे ती घासली की निघणारच. पाणी फिकट होईपर्यंत गार पाण्यात वेगळं धुवा, एवढंच. आणि हे काम जुलैमध्ये काढू नका. जाड डेनिम पावसाळ्यात वाळता वाळत नाही, वास मात्र लगेच धरतं.

आता खरा विचार. उरलेलं कापड म्हटलं की लोक चौकोन कापून गोधडीसारखे जोडायला बसतात. मी तसं करू देणार नाही. ६ इंचाचा चौकोन चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की ५ इंचाचा उरतो, म्हणजे ३६ चौरस इंचांतले २५ हाती आणि ११ शिवणीच्या पोटात. तीस टक्के कापड वाया, वर जॅकेट चिलखतासारखं ताठ. त्यापेक्षा जॅकेटचे स्वतःचेच जोड वापरा. लिवाइजने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जो घाट आणला, छातीवरच्या खिशांपासून कमरेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या शिवणींचा, तो तुकड्यांसाठीच काढल्यासारखा आहे. पुढे खांद्याखालची आडवी पट्टी, तिच्याखाली अरुंद उभे तुकडे. मागे तशीच पट्टी आणि खाली तीन तुकडे. बाहीसुद्धा दोन तुकड्यांची. अखंड मोठं कापड असं कुठेच लागत नाही. जीन्सच्या पायाची आतली शिवण उसवली की मांडीपाशी २० इंचांच्या वर रुंदी मिळते, मधे बाहेरची शिवण येते तेवढीच. सगळ्यात रुंद तुकडा पाठीच्या मध्यासाठी राखून ठेवा, त्यानंतर बाह्या, आणि टेलरकडून आलेली ती वेटोळी खिशांच्या झापांना.

कागदी नमुना अंगाला नीट बसणाऱ्या जॅकेटवरून खाकी कागदावर उतरवा. तसं जॅकेट नसेल तर छातीच्या मापात ४ ते ५ इंच सैल धरून आखा; आतून स्वेटर घालणार असाल तर आणखी. कागदाचे सगळे भाग जमिनीवरच्या तुकड्यांवर मांडा आणि खुर्चीवर उभं राहून बघा. छटा वेगळ्या असल्या तर त्या ठरवून वेगळ्या दिसू द्या: दोन्ही बाह्या एका छटेच्या, दोन्ही पट्ट्या दुसऱ्या. एक बाही गडद आणि दुसरी किंचित कमी गडद, हे मात्र वाईट दिसतं. निळा धागा, म्हणजे कापडाच्या लांबीत जाणारा ताणा, प्रत्येक भागात उभा आला पाहिजे. कमरेचा पट्टा आणि कफ यांत मात्र तो लांबीच्या दिशेने घ्या, म्हणजे ते ताणले जात नाहीत. प्रत्येक भागाच्या वरच्या टोकाला खडूने बाण काढा. कापड उलटं लागलं तर एकाच ताग्यातलंही वेगळं दिसतं.

कापण्याआधी मांजरपाटाची एक कच्ची प्रत शिवा. लांब टाके घालून तासाभरात होते. ती घालून हात वर करा, पुढे करा, स्कूटर धरल्यासारखे धरा. पाठ आवळली तर कागद आत्ताच दुरुस्त करायचा. उरलेला मांजरपाट खिशांच्या आतल्या पिशव्यांना लावा, आणि कॉलरच्या खालच्या पदराला जुन्या शर्टाचं कापड, नाहीतर कॉलर मानेवर दगडासारखी बसते. बकरम, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कापड, पातळच घ्या. १० औंसांच्या डेनिमला ते नसलं तरी चालतं.

सामान फारसं नाही. घरगुती मशीनच्या १६ आणि १८ नंबरच्या सुया, प्रत्येकी चार-पाच, कारण त्या मोडतात. वरून दिसणाऱ्या शिलाईला जाड दोरा, मोहरीच्या रंगाचा किंवा तुम्हाला आवडेल तो. बॉबिनमध्ये मात्र साधाच. कात्री मोठी, धार लावलेली. खडू, मापपट्टी, उसवणी. आणि एक हातोडी: जाड जोड फळीवर ठेवून तिने चेपले की सुई सहज जाते. पायमशीन असेल तर हलक्या प्लास्टिकच्या मशीनपेक्षा तेच काढा. जुन्या जीन्सचे रिव्हेट (खिशांच्या कोपऱ्यांवरच्या धातूच्या टिकल्या) आणि चेन यांच्यापासून इंचभर लांब राहून कापा.

बटणं ठोकायची धातूची घ्या. समोर ६, कफांना २, झापांना २, शिवाय तीन-चार जादा, कारण वाकडं ठोकलेलं बटण परत लागत नाही. काजांसाठी बाजारातल्या काज-बटणवाल्याकडे आधीच कापडाचा नमुना घेऊन जा. कॉलरच्या टोकाचं जाड कापड त्याचं मशीन घेतं का, आणि जीन्सचं डोळ्यावालं, म्हणजे एका टोकाला गोल भोक असलेलं, काज निघतं का, हे विचारा. आतल्या कडांना इंटरलॉक मारून घ्यायचं असेल तर तेही त्याच फेरीत ठरवून टाका.

शेवटी सरावाचा तुकडा. दोन दुमडलेल्या शिवणी एकमेकींना छेदतील अशा जोडा. तिथे आठ पदर सहज होतात. टाका साडेतीन मिलिमीटरचा ठेवून त्यावरून मशीन चालवा. मशीनचं फूट (कापड दाबून धरणारा पाय) तिरकं झालं तर मागे डेनिमची घडी सरकवून ते सपाट करा. तरी अडलं तर १८ नंबरची सुई लावा, आणि तीही अडली तर असे सांधे चाक हाताने फिरवूनच शिवायचे असं धरून चाला.