मधुमेहींसाठी फळांच्या कुकीज करताय? या चुका टाळा

पुण्याच्या रविवार पेठेतून ट्रे, बटर पेपर, वजनकाटा आला की त्याच संध्याकाळी कुकीज हव्या असतात. मग आठवड्याभरात मला फोन येतो: "ताई, साखर चिमूटभरसुद्धा घातली नाही, तरी सासऱ्यांची शुगर वाढली कशी?"

वाढली, कारण खजूर ओतला. सुकलेल्या खजुराच्या वजनात साधारण ६५ टक्के साखरच असते. फळातली आहे म्हणून ती रक्तात जायची थांबत नाही. फळातल्या तंतूंमुळे थोडी सावकाश जाते, इतकंच. हे मला ठाऊक होतं, पण कागदावर हिशेब कधी मांडला नव्हता. बाबांच्या पंचाहत्तरीला मी पाव किलो खजूर, कणीक आणि लोणी घेऊन २० कुकीज केल्या. त्यांनी चहाबरोबर सहा खाल्ल्या, मीच आग्रह करून वाढल्या. दोन तासांनी ग्लुकोमीटरवर २६८. त्या रात्री कागद-पेन घेऊन बसले. पाव किलो खजुरात १६० ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे एका कुकीत ८ ग्रॅम, सहांत ४८. कणकेचा स्टार्च वेगळाच. आणि ज्या मूळ कृतीतून मी साखर काढली होती, तिच्यात ती होती १५० ग्रॅम. वडिलांसाठी म्हणून केलेला खाऊ नेहमीच्या कुकीजपेक्षा गोड निघाला होता. आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

आता २०० ग्रॅम पिठाला ७० ग्रॅम खजूर, त्याहून जास्त नाही. पिठातही निम्मी बदामाची पूड, निम्मी नाचणी किंवा ज्वारी. उरलेली गोडी वेलची, जायफळ आणि खमंग भाजलेल्या बदामांवर सोडते. पहिल्या दिवशी घरचे म्हणतात फिकं लागतंय. आठवड्यात जीभ वळते. बाबांना दोनच, त्याही मोजून, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

गूळ आणि मध म्हणजे साखरच. "थोडासा गूळ चालतो ना?" नाही.

केळं पूर्ण काळं पडेपर्यंत थांबू नका. पिकेल तसा त्यातला स्टार्च साखरेत बदलत जातो. सालीवर पहिले ठिपके आले की वापरा.

दुसरी चूक घाईची. सफरचंद मिक्सरमधून फिरवायचं आणि तसंच पिठात ओतायचं. अहो, सफरचंदात ८५ टक्के पाणी असतं, केळ्यात ७५. गोळा सैल होतो, मग हात मैद्याच्या डब्याकडे जातो आणि सगळी मेहनत तिथेच संपते. भाजून निघतो तो मऊ केक. गर आटवायलाच हवा. तीन सफरचंदं किसून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवते, अर्धा तास तिथून हलत नाही. उलथनं ओढल्यावर तळ दिसला आणि गर परत धावत आला नाही, की झालं. पूर्ण गार करूनच पिठात घालते, नाहीतर लोणी वितळतं. नाचणी पाणी हळूहळू पिते, म्हणून मळलेला गोळा वीस मिनिटं झाकून ठेवते. हा अर्धा तास आणि ही वीस मिनिटं ज्यांना जड वाटतात, त्यांनी सरळ सफरचंदाच्या चार फोडी चिरून द्याव्यात. मधुमेह्याला त्याच बऱ्या.

साखरेच्या कुकीज भट्टीत आपोआप पसरतात, या पसरत नाहीत. वाटीच्या बुडाने दाबून अर्धा सेंटीमीटर करा. श्रुजबेरी बिस्किटांसारखा खुसखुशीतपणा मागू नका, तो साखरेचा आणि मैद्याचा असतो.

१८० अंशांवर फळांची साखर लवकर काळवंडते. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) आधी तापवून १६० अंशांवर १८-२० मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर मऊच लागतील. कच्च्या समजून परत आत ढकलू नका, ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या.

पुण्याच्या पावसाळ्यात डबा ओट्यावर ठेवला तर माझ्याकडे चौथ्या दिवशी बुरशी धरली आहे. साखर कमी, फळाचा ओलावा जास्त, त्यामुळे या टिकत नाहीत. फ्रीजमध्ये पाच दिवस, किंवा लाटीसारखे कच्चे गोळे फ्रीझरमध्ये ठेवून लागतील तेवढेच भाजा. मी दर रविवारी दहाच भाजते.