एक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट् फट्, माझा अनुभव

गाडी 150 सीसी, कार्बोरेटरवाली. उतारावर किंवा सिग्नल जवळ आला की एक्सिलरेटर सोडायचा आणि सायलेन्सरमधून फट् फट् सुरू, पिकअप मात्र एकदम ठीक. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, आयडल (एक्सिलरेटर न देता इंजिन फिरण्याचा वेग) वाढवून बघितलं, फरक शून्य. जाम वैताग आला होता.

शेवटी काम झालं ते असं. इंजिन थंड असताना सायलेन्सरचा पाइप इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) जिथे बसतो तिथे साबणाचं पाणी लावून गाडी चालू केली, बुडबुडे आले, म्हणजे गॅस्केट (जोडातून गळती होऊ न देणारी रिंग) गेलेलं, तिथून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं. नवीन गॅस्केट टाकून दोन्ही नट आलटून पालटून आवळले. आवाज बराच कमी झाला पण पूर्ण गेला नाही, मग कार्ब उघडला, पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारी बारीक भोकाची नळी) उजेडासमोर धरला तर भोकातून काहीच दिसेना, कार्ब क्लीनर आणि हवा मारून साफ केला (तार घालू नका, भोक मोठं होतं). परत बसवून मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) हलक्या हाताने पूर्ण आत, मग दोन फेरे बाहेर. गाडी फिरवून चांगली गरम केली, पाव-पाव फेरा फिरवत जिथे आरपीएम सगळ्यात वर जातो तिथे स्क्रू ठेवला, नंतर आयडल स्क्रूने 1400 आरपीएमवर आणलं. आवाज बंद.

एक नक्की बघा, मिक्स्चर स्क्रू कार्बच्या इंजिनकडच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर पेट्रोल वाढतं, फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते आणि फटफट अजून वाढेल.