परदेशी पाहुणा मुंबईत मुक्कामाला येतोय? त्याला इथे रुळवायचं कसं

आमच्या पार्ल्याच्या घराची बेल सकाळी साडेसहा ते साडेनऊ या वेळात सात-आठ वेळा वाजते. दूधवाला, कचरा न्यायला येणारा मुलगा, कामाच्या मावशी, इस्त्रीवाला, महिन्याचं बिल घेऊन पेपरवाला, विरजण मागायला शेजारच्या वहिनी, मध्येच कुरियर. गेल्या पावसाळ्यात मुलाच्या ऑफिसातली एक जर्मन मुलगी आमच्याकडे पाच महिने राहायला होती. पहिल्या सकाळी तिसऱ्या बेलला ती खोलीबाहेर आली आणि घाबरून म्हणाली, "काकू, काही झालंय का?" काही झालं नव्हतं. मंगळवार होता.

असा पाहुणा येणार म्हटलं की आपण गेटवे, एलिफंटा, कुठलं हॉटेल बरं याच्या याद्या करायला लागतो. ते तो आपलं आपण शोधून काढतो. त्याचं अडतं ते बेल, बादली, सुट्टे पैसे आणि लोकल इथे. आणि आपण प्रेमापोटी सगळं हातात आणून दिलं, तर तिसऱ्या महिन्यातही तो साधी साबणाची वडी आणायला आपल्याला विचारतो. आमच्या पहिल्या पाहुण्याच्या वेळी मी नेमकं तेच केलं होतं. म्हणून या वेळी उलटं ठरवलं: दाखवायचं एकदा, सोबत करायची दोनदा, तिसऱ्यांदा एकटीला सोडायचं.

येण्याआधी दोन कामं

पहिलं काम, ॲलर्जी विचारून घ्या. "तिखट चालतं का" हा प्रश्न नंतरचा. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं? खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, काकडीच्या खमंगात. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या ते जिवावर बेतू शकतं, आणि आपल्याला मात्र "भाजीत दाणे कुठे आहेत?" असंच वाटत असतं, कारण कूट हा पदार्थ आपल्या हिशोबातच नसतो. गहू चालत नसेल तर हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा. बाजारातल्या बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. हे पाहुण्याला ठाऊक असण्याची काही शक्यता नाही.

दुसरं काम कागदाचं. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला की यजमानाने २४ तासांच्या आत ते ऑनलाइन कळवायचं असतं. हॉटेलवाले हे रोजच करतात. घरात ठेवून घेणाऱ्यालाही तोच नियम आहे, आणि आपल्याकडे तो बऱ्याच जणांच्या गावीही नसतो. सप्टेंबर २०२५ पासून या विषयाचा नवा कायदा लागू झाला आहे, पण लोकांच्या तोंडी अजून या नोंदीचं जुनं नाव, "सी फॉर्म"च आहे. पाहुणा येण्याआधीच यजमान म्हणून नोंदणी करून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील तेवढा भरायचा राहतो. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात त्याची स्वतःची नोंदणी लागते. व्हिसावर तशी अट छापलेली असते, ती वाचा. सोसायटीच्या सेक्रेटरींना आणि वॉचमनलाही आधी सांगून ठेवा. नाहीतर रात्री दोनला विमानतळावरून आलेला पाहुणा गेटवर ताटकळतो आणि आपण वर गाढ झोपेत.

पहिला दिवस न्हाणीघरात

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण घर दाखवायची सुरुवात बाथरूमपासून करा. आमच्या पाहुणीने पहिले तीन दिवस गार पाण्याने आंघोळ केली. गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमध्ये आहे, हे तिला कसं कळणार? आणि तक्रार करणं तिला बरं वाटेना. चौथ्या दिवशी शिंका ऐकून मी विचारलं तेव्हा उलगडा झाला.

तेव्हा बटण दाबून दाखवा, लाल दिवा दाखवा, किती मिनिटांनी बंद करायचं ते सांगा. नळाला पाणी किती ते किती येतं, बादली भरून का ठेवायची, आंघोळीचा मग कसा वापरायचा, जेट कशासाठी, सगळं न लाजता सांगा. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असतं. ते माहीत नसल्यामुळे रात्रभर लावलेला फोन सकाळी मेलेला सापडतो. कुकरच्या शिट्टीची पूर्वसूचना द्या. ओला कचरा आणि सुका कचरा यांचे डबे दाखवा. जर्मन माणसाला हे शिकवावं लागत नाही, उलट तिनेच माझी एक चूक काढली. पिण्याचं पाणी कुठलं, हे मात्र दोनदा सांगा. निदान पहिले काही दिवस दातसुद्धा गाळून-उकळून घेतलेल्या पाण्यानेच घासू देत.

फोन आणि पैसे

सिमकार्ड पहिल्या दोन दिवसांतच घ्या. पासपोर्ट आणि व्हिसा लागतोच, शिवाय इथला पत्ता आणि ओळखीचा स्थानिक नंबर मागतात, तेव्हा तुम्ही सोबत जा. इथला नंबर नसला की टॅक्सीच्या ॲपपासून डब्याच्या ऑर्डरपर्यंत सगळं ओटीपीपाशी येऊन थांबतं.

शहाळेवालासुद्धा क्यूआर कोड पुढे करतो, आणि पाहुण्याकडे भारतीय बँकेचं खातं नसतं. त्यांच्यासाठी "यूपीआय वन वर्ल्ड" नावाचं वॉलेट निघालं आहे. २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्ताने ते सुरू झालं. पासपोर्ट-व्हिसाची पडताळणी करून त्यात पैसे भरायचे आणि दुकानातला कोड स्कॅन करायचा. ते जमेपर्यंत रोकड लागते, आणि एटीएममधून येतात पाचशेच्या नोटा. घरातल्या दहा-वीसच्या नोटांचं एक पुडकं त्याला पहिल्याच दिवशी देऊन बदल्यात पाचशेची नोट घ्या. रिक्षावाल्याशी होणारी निम्मी भांडणं तिथेच टळतात. "लाख" आणि "कोटी" म्हणजे किती शून्यं, हेही कागदावर लिहून द्या.

वाढताना हात आवरा

परदेशी पाहुण्यांना तिखटाने होत नाही इतका त्रास आपल्या आग्रहाने होतो. आपला "पुरे" हा शब्द पहिल्या दोन वेळा कुणी खरा धरत नाही. आपल्याला हे ठाऊक असतं, त्यांना नसतं. वाढलेलं टाकायचं नाही अशा वळणात ती मुलगी वाढली होती. आम्ही वाढत राहिलो, ती खात राहिली. शेवटी मीच तिला ताटावर हात आडवा धरायला शिकवलं. तो हात दिसला की माझ्या सासूबाईही थांबतात.

तिखट लागलं तर पाणी देऊ नका, दही द्या. "कमी तिखट" म्हणजे आपल्या मते किती, यावर विसंबू नका. पाणीपुरी पहिल्या आठवड्यात नको. वडापाव समोर तळलेला, गरम असेल तर चालेल, त्यातली चटणी बाजूला. पोट बिघडलंच तर ओआरएसची पाकिटं घरात हवीत. आणि अमेरिकेतून आलेला माणूस दुकानात "ॲसिटामिनोफेन" मागत असेल, तर त्याला आपली पॅरासिटामॉलच हवी असते, एवढं केमिस्टला सांगा.

रस्ता, पत्ता, रिक्षा

पत्त्याचा पहिला प्रश्न "ईस्ट की वेस्ट?" हा असतो आणि तो होकायंत्राचा नसून रेल्वे रुळांच्या कुठल्या बाजूला याचा असतो, हे नव्या माणसाला कुणीही सांगत नाही. पुढचा पत्ता खुणांवर चालतो: देवळासमोर, बँकेच्या वर, जुन्या थिएटरच्या गल्लीत, मग ते थिएटर पाडून दहा वर्षं झाली असली तरी. घराच्या तीन खुणा मराठीत आणि हिंदीत तोंडपाठ करून घ्या.

रिक्षा मीटरनेच. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचे २६ आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये. मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट. बांद्रा आणि सायनच्या पुढे, शहरात, रिक्षा जात नाहीत. हे न सांगितल्यामुळे आमची पाहुणी कुलाब्यात अर्धा तास रिक्षा शोधत होती.

रस्ता ओलांडायला बरोबर घेऊन शिकवा. हात दाखवायचा, एका चालीने चालायचं, मध्येच धावायचं नाही आणि मागे तर मुळीच वळायचं नाही. गाडीवाला आपल्या चालीचा अंदाज घेऊन गाडी काढतो. आपण दचकलो की त्याचा अंदाज चुकतो.

लोकल: हिला एक अख्खी सकाळ द्या

पहिला धडा रविवारी सकाळी लवकर, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत. गर्दी नसलेल्या गाडीत पार्ला ते चर्चगेट आणि परत. इंडिकेटरसमोर उभं करून वाचायला लावा: गाडी कुठली, स्लो की फास्ट, किती वाजताची, किती डब्यांची. मग फलाटावर महिलांचा डबा कुठे येतो, फर्स्ट क्लास कुठे, अपंगांचा कुठला, ते चालत जाऊन दाखवा. चुकीच्या डब्यात चढलं की दंड होतो, आणि परदेशी आहे म्हणून टीसी सोडेलच असं नाही.

उतरायचं तंत्र चढण्याच्या तंत्रापेक्षा मोठं. चर्चगेटहून येताना खार गेलं की उठायचं, सांताक्रूझला दाराजवळ पोचायचं, पुढच्या बाईला "पार्ला?" एवढंच विचारायचं. मान हलली तर तिच्या मागे राहायचं, नाहीतर जागा बदलून घ्यायची. फलाट कुठल्या बाजूला येणार हे आधीच विचारायचं. हे सगळं मी सांगितलं होतं, तरी दुसऱ्या आठवड्यात तिने दादरला विरार फास्ट पकडली. अंधेरीला उतरायचं होतं, पण दारापर्यंत पोचताच आलं नाही. बोरिवलीला उतरून तिने फोन केला. आवाज रडवेला होता. मी न्यायला गेले नाही. "जिना चढ, पलीकडच्या फलाटावर चर्चगेट स्लो बघ, महिलांच्या डब्यात बस" एवढं सांगितलं. तासाभराने घरी आली ती ऐटीत.

एक तक्रार मात्र तिची वेगळीच होती. "गाडीत सगळ्या बायका मला कुठे उतरणार म्हणून का विचारतात? यांना काय करायचंय?" अगं, त्या तुझी चौकशी करत नाहीत, तू उठल्यावरची सीट स्वतःसाठी राखून ठेवतायत! हे कळल्यावर महिनाभरात तीही बसलेल्या बायकांना "कुठे?" असं विचारायला लागली, आणि तिघींच्या बाकावर चौथी म्हणून "जरा सरका" म्हणायलाही.

अगदीच धीर होत नसेल तर एसी लोकलने सुरुवात करा. दारं बंद होतात, भीती कमी वाटते. भूमिगत मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते आणि तिथे परदेशी माणूस पहिल्या दिवसापासून आपला आपण फिरतो.

पाऊस आणि इतर भानगडी

जून ते सप्टेंबरमधला पाहुणा असेल तर भरतीच्या वेळा बघायची सवय लावा. साडेचार मीटरच्या पुढची भरती आणि धो धो पाऊस एकाच वेळी आले की पाणी ओसरायला जागा राहत नाही, आणि सबवे भरतात. साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही, पायाला जखम असेल तर अजिबातच नाही. लेप्टोची, म्हणजे उंदरांमुळे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते. चालावंच लागलं तर घरी येऊन पाय साबणाने धुवायचे आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. डासांसाठी मच्छरदाणी किंवा मलम. कुत्रं चावलं, नुसतं ओरबाडलं तरी, जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन त्याच दिवशी इंजेक्शन. ११२ आणि १०८ हे दोन्ही नंबर फोनमध्ये घालून द्या.

मराठी शिकवायची असेल तर "नमस्कार"च्या आधी "नको" शिकवा. सेल्फीवाल्यांना, शाल विकणाऱ्यांना, तिसऱ्या पोळीला, सगळीकडे चालतं. मग "दादा", "मावशी", "काकू". भाजीवालीला "मावशी" म्हटल्यावर आमच्या पाहुणीच्या पिशवीत कढीलिंब आपोआप पडायला लागला.

आणि मग एक दिवस दार बंद होतं

साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात हे होतं, नवलाई ओसरल्यावर. लोकल जमते, भाजी आणता येते, आणि नेमकं तेव्हाच माणूस शनिवारी दिवसभर खोलीत पडून राहतो. हॉर्न नको, माणसं नको, मसाला नको. पाव, लोणी आणि आईशी फोन. आपल्याला वाटतं, आपलं काही चुकलं. आपण दार ठोठावतो, बरं नाही का विचारतो, काढा करून नेतो. मी तीनदा ठोठावलं होतं, तेव्हा तिने फार सभ्यपणे सांगितलं की तिला आज कुणाशीही बोलायचं नाही. आपल्या घरात दार लावून बसणं म्हणजे रुसणं, तिच्या घरात ती सुट्टी.

त्या दिवशी बेल वाजली की दारही आपणच उघडायचं. चहा टेबलावर झाकून ठेवा. प्यायचा असेल तर ती येईल.