जुन्या ट्रकच्या मागच्या एक्सलचा आवाज : दोष कसा ओळखावा व दुरुस्ती कशी करावी

मागून घरघर ऐकू आली की 'क्राऊन गेला' (क्राऊन म्हणजे मागच्या एक्सलमधले मोठे दातेरी चाक) असे ठरवून डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना शक्ती वाटणारा गिअरचा संच, उघडण्याची घाई आपल्याकडे फार होते. माझ्या मते हीच सर्वांत महागडी चूक आहे. कारण पांदणीतून कापूस भरून जिनिंगपर्यंत नेणाऱ्या जुन्या ट्रकमध्ये तसाच आवाज टायर, हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) बेअरिंग किंवा प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे त्याचा सांधा, यांपैकी कशामुळेही येऊ शकतो. सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन वेचणी सुरू होण्याआधी, गाडी रिकामी असतानाच ही तपासणी उरकावी.

प्रथम मोकळ्या, सपाट डांबरी रस्त्यावर ताशी 30 ते 50 किलोमीटर वेगाने गाडी चालवावी. डांबरावरून मुरमाड रस्त्यावर येताच आवाज बदलला, तर टायरवर संशय घ्यावा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावरच बारीक रडल्यासारखा सूर निघत असेल, तर क्राऊन आणि त्याला फिरवणारे लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, यांच्या दातांची एक बाजू झिजलेली असण्याची शक्यता असते. कोणत्याही स्थितीत सारखीच घरघर चालू राहिली, तर ती बहुधा बेअरिंगची असते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून त्याच वेळी घरघर वाढल्यास उजवा हब तपासावा. फक्त वळणावरच कटकट होत असेल, तर डिफरन्शियलमधील लहान गिअर आणि त्यांचे वॉशर पाहावेत. थांबलेली गाडी पुढे काढताना एकच 'खट्' आवाज होत असेल, तर आधी क्रॉस हलवून पाहावा.

आवाजाची लय मोजणे हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो. क्राऊनला 41 आणि पिनियनला 6 दात असतील, तर गाडी सरळ चालताना चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्ट 6.83 वेळा फिरतो. त्यामुळे ठोका चाकाच्या फेऱ्यागणिक एकदाच पडत असेल तर दोष हबमध्ये किंवा क्राऊनच्या एखाद्या दातात, आणि त्याहून कितीतरी जलद पडत असेल तर पिनियन किंवा शाफ्टकडे असतो.

यानंतर गरम ऑइल काढून पाहावे. ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा काळा, मऊ लेप जुन्या गाडीत स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे तुकडे मात्र नव्हेत. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरलेले आहे. तापलेला एक्सल नाल्याच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. ब्रीदर (एक्सलमधली हवा आत-बाहेर होण्याचे छिद्र) कन्हारच्या, म्हणजे काळ्या मातीच्या, चिखलाने बुजलेला असेल तर हे हमखास घडते.

काम करताना पुढच्या चाकांना ओट (चाक सरकू नये म्हणून लावायचा अडसर) लावावी, जॅकखाली जाड फळी ठेवावी आणि एक्सल लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा, कारण काळ्या मातीत जॅक खचतो. एक्सल शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा) बाहेर काढल्यावर गिअरमध्ये ठेवलेली गाडीही जागेवर थांबत नाही, हे विसरू नये.

हब आणि क्रॉसचे काम सरळ आहे : बेअरिंग बदलून कंपनीच्या पुस्तकातील मापाने नट कसावा, आणि प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी खुणा करून त्याच जुळणीने बसवावा.

पिनियनचे बेअरिंग बदलताना मात्र सावधगिरी हवी. क्राऊन-पिनियन जुनेच ठेवायचे असतील, तर आधीच्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) जशाच्या तशा परत घालाव्यात आणि सोडण्यापूर्वी मोजून ठेवलेलाच बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, पुन्हा आणावा. एकमेकांवर घासून रुळलेल्या दातांची जागा नव्या मापावर आणली, तर शांत जोडीही रडू लागते. दात तुटले असतील तर क्राऊन आणि पिनियन एकाच संचातले, जुळणाऱ्या क्रमांकाचे घ्यावेत. एकटा पिनियन बदलून पैसे वाचवण्याचा सल्ला ऐकू नये. नव्या जोडीच्या दातांना शेंदूर लावून फिरवावे. ठसा दाताच्या मध्यभागी उमटेपर्यंत शिम बदलत राहाव्यात आणि बॅकलॅश डायल गेजने मोजावा.

ब्रीदर साफ करून कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे गिअर ऑइल, सपाट जागी उभ्या गाडीत, भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत भरावे. नव्या जोडीवर पहिले काही दिवस पूर्ण माल लादू नये आणि 20 किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हब व पिनियनजवळचा भाग हाताच्या पाठीने तपासावा. एखाद्या ठिकाणी हात टेकवत नसेल, तर तिथले बेअरिंग किंवा ब्रेक जास्त आवळला गेला आहे.