चांदीचा फराळाचा ट्रे: आर्किटेक्ट आणि कारागिराने मिळून कसा घडवावा

आर्किटेक्टच्या ड्रॉइंगमध्ये सपाट तळ आणि धारदार कोपरे हमखास असतात. चांदीला नेमक्या याच दोन गोष्टी जड जातात. म्हणून ड्रॉइंग पक्कं करून कारागिराकडे धाडू नका. पहिली बैठक त्याच्या ऐरणीपाशीच घ्या.

२४० मिमी चौरस, २० मिमी काठाचा, ९२५ चांदीचा (९२.५ टक्के चांदी, बाकी मुख्यतः तांबं) ट्रे धरू. जाडी मिलिमीटरमध्येच लिहा. २० गेज म्हणजे एका मापपद्धतीत ०.९१ मिमी, दुसरीत ०.८१, घोटाळा इथेच होतो. १ मिमी पत्र्यात तळ आणि काठ मिळून सुमारे ७९५ ग्रॅम चांदी लागते, ०.८ मिमीत ६३५. हिशोब सोपा आहे: घन सेंटिमीटर गुणिले १०.३६, म्हणजे ९२५ चांदीची घनता. चांदीचं वजन, घट आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. कानशीचा कीस कोणाचा, हेही तेव्हाच ठरवा.

आधी त्याच जाडीच्या तांब्यात नमुना करा. हा खर्च वाचवू नका. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईतल्या तुर्भे-महापेच्या पट्ट्यात लेझरवर अ‍ॅक्रिलिकचं टेम्पलेट कापून मिळतं. चांदी मात्र लेझरचा प्रकाश परत फेकते, म्हणून पत्रा करवतीनेच कापलेला बरा.

कोपरा धारदार हवा असेल तर घडीच्या रेषेवर आतून ९० अंशांपेक्षा किंचित रुंद व्ही-खाच पाडा. १ मिमी पत्र्यात तळाशी ०.२ ते ०.२५ मिमी धातू राहिला पाहिजे. जास्त राहिला तर कोपरा गोल वळतो, कमी राहिला तर चिरतो. वळवण्याआधी पत्रा तापवून मऊ करा: ६०० ते ६५० अंश सेल्सियस, म्हणजे अंधाऱ्या कोपऱ्यात जेमतेम दिसणारी मंद लाली. उजेडात ही लाली दिसत नाही, मग आच जास्त लागते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. घडी वळल्यावर टाकणखार लावून खाचेत डाख उतरवा; कोपऱ्याची खरी ताकद तोच. आधी कडक (जास्त आचेवर वितळणारा) डाख, नंतरच्या सांध्यांना मऊ (कमी आचेवर वितळणारा), म्हणजे पहिला सांधा सुटत नाही. खाण्याच्या भांड्याला कॅडमियमविरहित डाखच हवा, आणि हे ऑर्डरवर लिहून द्या.

आता सपाट तळ. डाखाच्या आचेने मोठा पत्रा ताणला जातो. थंड झाल्यावर मधोमध अंगठ्याने दाबला की टक् करून आत जातो, सोडला की टक् करून वर येतो. कितीही ठोकलं तरी हा दोष पुरता जात नाही. उपाय आधीच करायचा: तळाला मध्यभागी दीड-दोन मिमी उठाव द्या. स्लॅबच्या शटरिंगला मधोमध किंचित उंचवटा ठेवतात ना, तसाच. डोळ्यांना तळ सपाटच दिसतो, पण ताण घेतो. आर्किटेक्टने हा उठाव ड्रॉइंगमध्ये आकड्यासकट दाखवावा, नाहीतर कारागीर इमानेइतबारे तो ठोकून सपाट करून ठेवील.

डाख झाल्यावर पातळ गंधकाम्लात साफ करताना लोखंडी चिमटा वापरू नका. चांदीवर तांब्याचा लालसर थर बसतो. पॉलिश करताना आडव्या उजेडात जांभळट-करडे ढग दिसले तर तो मळ नाही. ९२५ मधलं तांबं आचेत जळल्याची ती खूण आहे. घासून काढा, पण त्यासाठी जाडीत थोडी सूट सुरुवातीलाच ठेवा.

शुद्धतेचे आणि घडवणाऱ्यांच्या खुणांचे शिक्के अंतिम ठोकणी आणि पॉलिशच्या आधी मारा, कारण शिक्क्याची चोट तळ वाकवते. व्हिएन्नात १९०३ मध्ये सुरू झालेल्या वीनर वेर्कश्टेटे या कलाकार-कारागिरांच्या कार्यशाळेत आराखडा करणाऱ्याची आणि घडवणाऱ्याची, दोघांचीही खूण वस्तूवर मारत. आपल्याकडे कारागिराची खूण सर्रास राहून जाते. इथे तसं होऊ देऊ नका.

ठाण्यात, विशेषतः खाडीजवळ, दमट हवा आणि चिखलातून उठणारा गंधकाचा वायू चांदी लवकर काळवंडवतो. शेव-चकलीच्या मिठाचे डागही पडतात, म्हणून फराळ उरकला की ट्रे धुऊन पूर्ण कोरडा करा. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून हवाबंद पिशवीत ठेवा. वर रबरबँड मात्र नको: रबरातल्या गंधकाने नेमकी त्याच्याच आकाराची काळी रेघ उमटते.