जुन्या नोंदींत पूर्वजाचं नाव चुकलेलं असेल तर ते कसं ओळखावं

ब्रिटनमध्ये जनगणनेचे घरोघरचे तक्ते 100 वर्षांनी खुले होतात, अमेरिकेत 72 वर्षांनी. तिथली घराणी आपली वंशावळ त्यांवरून जुळवतात. आपल्याकडे जनगणना अधिनियम 1948 च्या कलम 15 मुळे ते कागद पाहायला मिळत नाहीत. आपली भिस्त गावच्या दप्तरावर: जन्म-मृत्यूचा गाव नमुना 14 (म्हणजेच कोतवाल बुक), सातबारा आणि फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद), शाळेचं जनरल रजिस्टर. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि यातले पुष्कळ कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले. तेव्हापासून एक तक्रार सतत ऐकू येते: गाव आपलं, जमीन आपली, पण नाव भलतंच.

असा कागद लगेच बाजूला टाकू नका. नाव चुकलं असेल तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा सापडतं.

सुरुवात घरातूनच करा. आजी, आत्या, चुलत आजोबा, जे कोणी असतील त्यांना विचारा की पणजोबांना गावात काय हाक मारायचे. कागदावरचं नाव विचारू नका, हाकेचंच विचारा. कारण लिहिणाऱ्याच्या कानावर तेच पडलेलं असतं. ज्ञानदेवाचा ज्ञानू, ग्यानबा, विठ्ठलाचा इठू, इठोबा, महादेवाचा म्हादबा, यशवंताचा येसू, रुक्मिणीची रखमा, द्रौपदीची धुरपदा. आधीची मुलं दगावली की पुढच्याचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचे, आणि तोच मुलगा शाळेत दुसऱ्या नावाने जायचा. बायकांची नावं लग्नात बदलायची, म्हणून माहेरचं नाव, सासरचं नाव आणि माहेरचं गाव या तिन्ही गोष्टी विचारून घ्या. ही माणसं आहेत तोवरच हे कळणार आहे, तेव्हा कचेरीत नंतर जा.

मग कागद कोणी, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला ते पाहा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच, कारण बारसं व्हायचं असतं. तिथे ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचं नाव एवढंच सापडेल, म्हणून शोध बापाच्या नावाने घ्या. आडनावही नसतं, किंवा त्याच्या जागी पाटील, कुलकर्णी असं वतन लिहिलेलं असतं. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ आणि ‘भ्रतार’ हे शब्द नवऱ्याच्या नावाआधी येतात. सातबाऱ्यावरचं ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता (वयात न आलेल्या मुलाचा पालक), ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. या अक्षरांना नावाचा भाग समजून लोक भलत्याच माणसाच्या मागे लागतात. शाळेतल्या जन्मतारखेवरही फार विसंबू नका. 1 जून दिसली तर ती गुरुजींनी अंदाजाने घातलेली असण्याची शक्यता मोठी.

यापुढची गाठ लिपीची. मोडीत, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीत, शब्दांमध्ये जागा सोडत नसत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसे आणि अनुस्वार सर्रास गाळला जाई. त्यामुळे एक नाव कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं इथपासून घोटाळा होतो. मराठवाड्यात निजामाच्या काळातली बरीच दप्तरं उर्दूत आहेत. तिथे ब, प, त, न यांचा शब्दाच्या सुरुवातीचा आकार सारखाच असतो, फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा. नुक्ते पुसट झाले की ‘नाना’ आणि ‘बाबा’ एकसारखे दिसतात. ह्रस्व स्वरही लिहिलेले नसतात. गोव्यात पोर्तुगीज वळणामुळे प्रभूचा ‘पोरोबो’ आणि कामतचा ‘कामोतीं’ झालेला आढळेल.

आता खरी परीक्षा. समजा, घरात पणजोबांचं नाव ज्ञानदेव विठ्ठल असं सांगतात. सातबाऱ्यावर ‘ज्ञानू इठू’ आहे आणि कोतवाल बुकात मृत्यूची नोंद ‘गनू बिन विठू’ अशी. हा गनू ज्ञानू की गणपत? नुसत्या नावाकडे पाहून हे सुटणार नाही. मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार काढा. त्यात सर्व्हे नंबर ज्ञानूचाच आहे का, बायकोचं नाव रखमा आहे का, मुलांची नावं घरच्या माहितीशी आणि वयाच्या क्रमाने जुळतात का ते पाहा. तिन्ही जुळलं तर माणूस एकच. पण उलटाही तपास करा: गावात दुसरा गनू विठू होता का? आणि मेल्याची नोंद असलेला माणूस चार वर्षांनी खरेदीखत करताना दिसला, तर ते दोन वेगळे इसम आहेत, मग नाव कितीही जुळो. बापाच्या नावावरच समाधान मानणारे इथेच फसतात.

सालं जुळवताना शकात 78 मिळवा, मराठवाड्यातल्या फसलीत, म्हणजे निजामाच्या काळातल्या महसुली सालात, 590. म्हणजे 1320 फसली म्हणजे साधारण 1910. वर्षाची सुरुवात वेगळी असल्याने एका वर्षाचा फरक धरून चाला.

दप्तराबाहेरचा एक फार मोलाचा पुरावा म्हणजे त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तिथली नावं यात्रेला गेलेल्या घरच्याच माणसांनी सांगितलेली असतात, कधी सहीनिशी, आणि तीन-तीन पिढ्या एकत्र सापडतात. गाव आणि आडनाव सांगून विचारा.

मोडी वाचकाकडून लिप्यंतर घेताना ते अक्षरशः मागा. ‘गनू’ असेल तर ‘गनू’च लिहू द्या, तुमचा अंदाज शेजारी, वेगळ्या शाईत, तारीख घालून. मूळ पानाचा फोटो आणि तहसीलमधली प्रमाणित नक्कल दोन्ही जपा. मोडी स्वतः शिकायची असेल तर राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे वर्ग होत असतात.